मुख-कंठगत कर्करोगातील साध्यासाध्यत्व : रुग्णाचे आयुष्य कोणत्या घटकांवर ठरते?

प्रास्ताविक

न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले आणि उरण तालुक्यातील जीवनक्रम पालटला. आमच्या चिकित्सालयात येणारा रुग्णवर्गही त्यासोबत बदलला. कंटेनरचे ट्रेलर चालविणारे चालक, त्यांचे क्लीनर, गोदामांतील हमाल व माथाडी कामगार यांची संख्या आज मोठी आहे. गाडी रांगेत तासन्‌तास उभी असते, रात्रीचे जागरण असते, जेवणाची वेळ निश्चित नसते. अशा वेळी तंबाखू-चुन्याची चिमूट किंवा गुटख्याची पुडी गालात धरून ठेवणे हा अनेकांचा नित्यक्रम होऊन बसतो. गावातील आगरी-कोळी घरांमध्ये काही वयस्क स्त्रियांना मिश्री लावण्याची जुनी सवय आहे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. तरीही २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात राज्यातील प्रौढांपैकी सुमारे २४ टक्के लोक धूरविरहित तंबाखू सेवन करीत असल्याचे आढळले. केवळ सुपारी खाणारेही निर्धोक नाहीत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारी ही स्वतःच कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले आहे.

या परिसरात चिकित्सा करताना मुख व कंठाच्या कर्करोगाचे निदान झालेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक आमच्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात, “वैद्यराज, यातून माणूस वाचेल का?” या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देणे अयोग्य आणि आश्वासनाने देणे त्याहून अयोग्य होय. कोणत्या घटकांवर रुग्णाचे आयुष्य ठरते, हे आयुर्वेदाने साध्यासाध्यत्व विचारात सांगितले आहे व आधुनिक शास्त्राने मोजून दाखविले आहे. दोन्हींचा एकत्र विचार करून, त्यातील कोणते घटक आपल्या हाती आहेत हे ठरविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संहितोक्त विचार

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात ६५ मुखरोग वर्णिले आहेत आणि चिकित्सास्थानाच्या बाविसाव्या अध्यायाच्या शेवटी त्यांपैकी १९ असाध्य म्हणून मोजले आहेत. जिह्वेच्या तळाशी होणारा अलास, तालूचे अर्बुद, तसेच कंठातील स्वरघ्न, वलय, वृंद, बलास, विदारी, गलौघ, मांसतान, शतघ्नी व रोहिणी हे त्या यादीत आहेत. यांतील प्रत्येक व्याधी म्हणजे आजचा कर्करोगच, असे समीकरण मांडण्याचा मोह टाळला पाहिजे. रोहिणी किंवा वृंद यांची लक्षणे तीव्र संसर्गजन्य विकारांशीही जुळतात. तथापि जिह्वा स्तब्ध करणारा, मुळाशी पाक पावणारा अलास किंवा पुनःपुन्हा उद्भवणारे अध्यर्बुद वाचताना आजच्या वैद्यास कोणता रुग्ण आठवतो, हे सांगावयास नको.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात व्याधींचे सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य व प्रत्याख्येय असे भेद केले आहेत. सुखसाध्य व्याधीची जी लक्षणे तेथे दिली आहेत, त्यांपैकी पाच आपल्या विषयासाठी फार महत्त्वाची आहेत : व्याधी नवीन असणे, तो एकाच मार्गात असणे, उपद्रव नसणे, रुग्णाचा देह सर्व औषधे सहन करण्यास समर्थ असणे, आणि वैद्य, औषध, परिचारक व रुग्ण हे चारही पाद संपन्न असणे. या पाच कसोट्यांवर आधुनिक संशोधनाचे निष्कर्ष क्रमाने तपासून पाहू.

१. व्याधीचे नवत्व

रोग कोणत्या अवस्थेत सापडला, हा आयुष्य ठरविणारा एक अत्यंत प्रभावी घटक आहे. मुखाच्या कर्करोगात पूर्वी व्रणाची लांबी-रुंदी पाहून अवस्था ठरवीत. २०१८ पासून प्रचारात आलेल्या वर्गीकरणाच्या आठव्या आवृत्तीत व्रण किती खोल गेला आहे, हेही मोजतात. दोन सेंटिमीटरच्या आतील व्रण पाच मिलिमीटरपेक्षा खोल नसेल तरच तो पहिल्या अवस्थेत धरला जातो. म्हणजे वरून लहान दिसणारा व्रण आतून लहान असेलच असे नाही. यास्तव केवळ डोळ्यांनी पाहून समाधान मानू नये. हातमोजा घालून बोटाने व्रणाचा तळ व कडा चाचपून पाहाव्यात. काठिन्य लागले तर तेच सर्वांत बोलके लक्षण होय.

स्थानानुसारही फरक पडतो. स्वरतंतूवरील कर्करोग आवाज बसल्यामुळे लवकर उघडकीस येतो व तेथे रसवाहिन्या विरळ असल्याने लवकर पसरत नाही. त्यामुळे वेळेत उपचार झाल्यास फार चांगले यश मिळते. जिह्वेवरील कर्करोग लहान असतानाच मानेकडे जाऊ शकतो. स्वरयंत्राच्या मागे, अन्ननलिकेच्या मुखाशी असलेला कर्करोग बराच काळ लपून राहतो व बहुधा उशिरा सापडतो.

लवकर शोधण्याने मृत्यू खरोखर टळतात काय? याचे उत्तर केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून झालेल्या अभ्यासाने दिले. प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन, फक्त उजेडात मुख तपासून संशयित रुग्ण पुढे पाठविले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा मद्य सेवन करणाऱ्यांमध्ये मुखकर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. त्या कार्यकर्त्यांजवळ यंत्र नव्हते. जे त्यांना साधले ते आपल्या चिकित्सालयात न साधावे, याला कारण नाही.

२. एकमार्गत्व : मानेतील ग्रंथी

कर्करोग मूळ स्थानी आहे की मानेतील रसग्रंथींपर्यंत पोहोचला आहे, हा दुसरा घटक. एका ग्रंथीत जरी रोग शिरला तरी दीर्घकाळ जगण्याची शक्यता सर्वसाधारणपणे निम्म्याच्या आसपास घटते, असे मानले जाते. ग्रंथीचे वेष्टन भेदून रोग बाहेर पडला असेल तर स्थिती आणखी गंभीर होते. म्हणूनच नव्या वर्गीकरणात त्यास वरचा दर्जा दिला आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोप व अमेरिकेतील दोन मोठ्या अभ्यासांनंतर, वेष्टन भेदलेले असल्यास किंवा शस्त्रक्रियेत काढलेल्या भागाच्या कडेला रोग शिल्लक असल्यास, किरणोपचारासोबत केमोथेरपी देण्याची पद्धत रूढ झाली.

याच संदर्भात परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातील अभ्यास प्रत्येक वैद्याने ध्यानात ठेवावा. डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या नेतृत्वाखालील हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. मुखाचा प्रारंभिक अवस्थेतील कर्करोग असलेल्या, पण मानेत गाठ न लागणाऱ्या ५०० रुग्णांच्या निष्कर्षांची त्यात तुलना झाली. एका गटात मूळ शस्त्रक्रियेच्या वेळीच मानेतील ग्रंथी काढल्या. दुसऱ्या गटात गाठ आली तरच काढावयाच्या, असे ठरविले. तीन वर्षांनी पहिल्या गटातील ८० टक्के रुग्ण हयात होते, तर दुसऱ्या गटातील ६७.५ टक्के. रोगविरहित राहण्याचे प्रमाण अनुक्रमे ६९.५ व ४५.९ टक्के होते.

हे आपणांस का ठाऊक असावे? शस्त्रक्रियेची तारीख मिळालेला रुग्ण आपल्याकडे येऊन विचारतो, “गाठ नाहीच, तर मान कशाला कापायची? तुम्ही काही औषध द्या.” अशा वेळी आपल्या एका शब्दाने तो रुग्ण शस्त्रक्रिया स्वीकारतो वा टाळतो. हाताला न लागणाऱ्या ग्रंथीतही रोग दडलेला असू शकतो व ती काढल्याने आयुष्य वाढते, हे त्याला स्पष्ट सांगणे हीच तेव्हाची योग्य चिकित्सा होय.

३. उपद्रवांचा अभाव

मुख न उघडणे, एका बाजूचा कान दुखणे, गिळताना त्रास, गालाच्या त्वचेवर छिद्र पडणे, जबड्याच्या हाडात रोग शिरणे, दात अकारण हलणे ही उपद्रवांची चिन्हे आहेत. आपल्याकडे गाल व हिरडी यांच्या सांध्यातील कर्करोग अधिक आढळतो, कारण पुडी तेथेच धरली जाते. हा रोग मागे चर्वणाच्या स्नायूंत व तेथून कवटीच्या तळाकडे सरकला की शस्त्रक्रियेला मर्यादा पडतात. मुख आखडण्याचे कारण सुपारीमुळे झालेला तंतुमय विकार आहे की स्नायूंत शिरलेला कर्करोग, हे वरवर पाहून ठरत नाही. रुग्णाची स्वतःची तीन बोटे उभी करून दातांमध्ये जातात काय, ही साधी चाचणी प्रत्येक भेटीत करून नोंदवावी. पूर्वी तीन जात होती व आता दोनच जातात, ही नोंद पुष्कळ काही सांगून जाते.

४. सर्वौषधक्षम देह

इंद्रियस्थानात अनेक व्याधींच्या अरिष्टांत बल व मांस यांचा क्षय पुनःपुन्हा सांगितला आहे. आधुनिक अनुभव तोच आहे. उपचारापूर्वी झपाट्याने घटलेले वजन, पांडुता, मंद झालेली हालचाल, यकृत, वृक्क व हृदयाचे जुने विकार हे सर्व घटक आयुष्य घटवितात. सिस्प्लाटिन हे प्रमुख औषध वृक्क व श्रवणशक्ती यांवर भार टाकते. ते ज्यांना देता येत नाही अशा रुग्णांचा टाटा स्मारक रुग्णालयाने स्वतंत्र अभ्यास केला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात किरणोपचारासोबत डोसिटॅक्सेल दिल्याने दोन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ४१.७ वरून ५०.८ टक्क्यांवर गेले. म्हणजे देहबल उणे असलेल्या रुग्णासही मार्ग उरतो. परंतु त्याच्या बलाची यथार्थ परीक्षा आधी झाली पाहिजे.

व्यसन चालू ठेवणे हा याच वर्गातील घटक. कॅनडात १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात किरणोपचार चालू असताना धूम्रपान करीत राहिलेल्या रुग्णांपैकी ३९ टक्के दोन वर्षे जगले. धूम्रपान न करणाऱ्यांपैकी ६६ टक्के. निदान झाल्यावर “आता सोडून काय उपयोग?” असे म्हणणाऱ्या रुग्णाला हे दोन आकडे ऐकवावेत.

घशाच्या मधल्या भागातील, टॉन्सिल व जिह्वामूलाच्या काही कर्करोगांना एचपीव्ही हा विषाणू कारणीभूत असतो. अमेरिकेतील २०१० च्या अभ्यासात अशा रुग्णांपैकी ८२.४ टक्के तीन वर्षांनी हयात होते, तर विषाणू नसलेल्यांपैकी ५७.१ टक्के. आपल्याकडे तंबाखूजन्य रोगाचे प्राबल्य असल्याने हा अनुकूल घटक तुलनेने कमी रुग्णांच्या वाट्याला येतो. पाश्चात्त्य पुस्तकांतील आशादायक आकडे आपल्या रुग्णास जसेच्या तसे सांगू नयेत.

५. चतुष्पाद-संपत्ती व काल

शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार आवश्यक असल्यास ते सुमारे सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत, असा दंडक आहे. पूर्ण किरणोपचार साधारण सहा ते सात आठवडे चालतात. मध्ये खंड पडला तर उरलेल्या रोगपेशी वेगाने वाढतात आणि खंडाच्या प्रत्येक दिवसामागे रोग आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक टक्क्याने किंवा थोडी अधिक घटते. आठ दिवस गावी जाऊन येणे, मुख आले म्हणून घरी बसणे, पैशांअभावी थांबणे यांचा हिशेब असा मांडावा लागतो.

या पादांपैकी काही आता पूर्वीपेक्षा सुलभ झाले आहेत. टाटा स्मारक केंद्राचे ॲक्ट्रेक खारघरला आहे. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावा शेवा हा अटल सेतू खुला झाल्याने परळही जवळ आले. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार समाविष्ट आहेत. रुग्णाला “मोठ्या दवाखान्यात जा” एवढेच सांगून थांबू नये. कोणती कागदपत्रे न्यावीत, सोबत कोण असेल, राहण्याची सोय काय, हे विचारून घ्यावे. परिचारक हा चिकित्सेचा पाद आहे, हे आपल्याच शास्त्राने सांगितले आहे.

आमचा अनुभव

येथे आमची एक चूक नमूद करणे आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी चाळिशीतील एक ट्रेलरचालक गालाच्या आतील व्रणासाठी आला. तिखट लागत नाही, एवढीच तक्रार. आम्ही मुखपाक समजून खदिरादि वटी, त्रिफळा क्वाथाचा कवल व इरिमेदादि तैलाचा गंडूष दिला. दाह कमी झाला. रुग्ण समाधानी, आम्हीही समाधानी. तो फेऱ्यांवर जाई, महिन्या-दीड महिन्याने येई व तीच औषधे घेऊन जाई. काही वेळा तर त्याने थेट दुकानातून तीच वटी नेली. चौथ्या महिन्यात त्याचे मुख दोन बोटेच उघडत होते व जबड्याखाली गाठ लागत होती. त्या दिवशी आम्ही प्रथमच बोट घालून व्रण चाचपला. तळ दगडासारखा कठीण होता.

बायोप्सी, शस्त्रक्रिया, किरणोपचार सर्व झाले. ग्रंथीचे वेष्टन भेदलेले निघाले. किरणोपचाराच्या चौथ्या आठवड्यात कर्जाच्या हप्त्यासाठी त्याने दहा दिवस गाडी चालविली. पुढील वर्ष पुरे होण्याआधी तो गेला. त्याची पत्नी नंतर राहिलेली औषधाची बाटली परत करण्यास आली होती. तिने आम्हांस दोष दिला नाही. आमच्या नोंदवहीत पहिल्या भेटीच्या तारखेपुढे ‘मुखपाक’ असे लिहिलेले आहे, ते आम्ही खोडलेले नाही.

चार महिने आधी पाठविले असते तर तो खात्रीने वाचला असता, असे म्हणता येणार नाही. परंतु वर सांगितलेल्या पाच कसोट्यांपैकी नवत्व, एकमार्गत्व व निरुपद्रवत्व या तिन्ही त्या चार महिन्यांत आमच्या डोळ्यांदेखत हातून गेल्या. दाहाचे शमन झाले म्हणजे व्याधीचे शमन झाले, हा भ्रम होता.

चिकित्सकांसाठी व औषधालय-चालकांसाठी

१) मुखातील व्रण, पांढरा वा लाल चट्टा तीन आठवड्यांत पूर्ण बरा न झाल्यास बायोप्सीसाठी पाठवावे. हाच नियम बसलेला आवाज, मानेतील गाठ, एका बाजूची कानदुखी व दात काढल्यावर न भरणारी जखम यांना लागू करावा. औषधाने बरे वाटत असले तरी मुदत वाढवू नये.

२) औषधविक्रेत्यांनी एकाच व्यक्तीस मुखव्रणासाठी तिसऱ्यांदा वटी, तैल किंवा मलम देण्यापूर्वी “वैद्यांना तोंड दाखविले का?” एवढे विचारावे. तंबाखूयुक्त दंतमंजनावर १९९२ पासून बंदी आहे. मिश्री ही दातांचे औषध आहे, हा समज ग्राहकांच्या मनातून काढावा.

३) कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्यान्वये निषिद्ध आहे. असाध्य व्याधीस हात घालणाऱ्या वैद्याची अर्थ, विद्या व यश यांची हानी होते, हे चरकांनी कायद्याच्या कितीतरी आधी बजावले आहे.

४) किरणोपचार वा केमोथेरपी चालू असताना उपचार करणाऱ्या तज्ज्ञास कळविल्याशिवाय कोणतेही आभ्यंतर औषध, विशेषतः भस्मे व रसौषधी, देऊ नये.

५) आपले खरे कार्य देहबल टिकविण्यात आहे. मृदू, स्निग्ध, तिखट-आंबट वर्ज्य असा आहार, मुगाचे यूष, दूध, तूप, पातळ पेज यांची योजना रुग्णालयातील आहारतज्ज्ञाच्या संमतीने करावी. किरणोपचारातील मुखपाकासाठी मधाचा उपयोग २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही सुचविला आहे. मधुमेही रुग्णात मात्र सावध असावे. गिळता येत नसेल तर नाकातून नळी घालण्यास रुग्णाने नकार देऊ नये म्हणून त्याची समजूत घालावी. दर आठवड्यास वजन नोंदवावे. मुख उघडण्याचे व्यायाम चालू ठेवावेत. किरणोपचार झालेल्या जबड्यातील दात तज्ज्ञास विचारल्याविना काढवू नये.

६) उपचार पूर्ण झाल्यावरही मुख व मान तपासणे थांबवू नये. रोग पुन्हा उद्भवण्याची वा त्याच मुखात दुसरीकडे नवा रोग होण्याची शक्यता राहते.

याप्य अवस्था

रोग पुन्हा उद्भवला किंवा दूर पसरला म्हणजे सर्व संपले असे समजू नये. टाटा स्मारक रुग्णालयाच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशा रुग्णांना तोंडावाटे घ्यावयाच्या तीन औषधांसोबत निव्होलुमॅब हे महागडे औषध अत्यल्प मात्रेत, दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम दिले. एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. याप्य या शब्दाचा अर्थ, पथ्य व औषध चालू असेपर्यंत आयुष्य तोलून धरणे, असा आहे. वेदनाशमन व रुग्णाशी खरे बोलणे हेही त्यात येते.

समारोप

व्रणाची खोली, ग्रंथींतील प्रसार, उपद्रव, देहबल, व्यसनत्याग आणि अखंड उपचार यांवर मुख-कंठगत कर्करोगाच्या रुग्णाचे आयुष्य अवलंबून असते. यांपैकी पहिले तीन घटक रुग्णालयात मोजले जातात, पण ते घडतात त्याआधीच्या काही महिन्यांत. आणि ते महिने रुग्ण बहुधा आपल्या चिकित्सालयात किंवा आपल्या औषधालयाच्या काउंटरवर घालवितो. आमच्या मेजावर आता एक विजेरी, हातमोजे व चमचा कायम ठेवलेला असतो. तंबाखू खाणारा कोणताही रुग्ण, मग तो सांधेदुखीसाठी आलेला का असेना, मुख दाखविल्याविना परत जात नाही. त्यास दोन मिनिटे लागतात. वैद्यबंधू-भगिनींनी आपापल्या ठिकाणी हा प्रघात सुरू करावा, ही नम्र विनंती.